फिशमील मागवताय? नुसता प्रोटीनचा आकडा बघू नका

फिशमील म्हणजे खाद्यात घालायची सुकवून दळलेल्या मासळीची पूड. तिचा भाव प्रोटीनवर ठरतो. 60, 65, 68 टक्के, आकडा जेवढा वर तेवढे डॉलर जास्त. म्हणून नवा आयातदार कोटेशनमधली तेवढी एकच ओळ वाचतो. नुकसान मात्र बहुतेक वेळा बाकीच्या ओळींत दडलेलं असतं, मग तुम्ही कोंबडीखाद्य बनवत असा की कोळंबीचं.

प्रोटीनच्या आकड्यापासूनच सुरुवात करू. लॅब साध्या चाचणीत थेट प्रोटीन मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. 60 टक्क्यांच्या 99 किलो मालात 1 किलो युरिया घातला की रिपोर्टवर 62 टक्के उमटतात. मेलामाइनमध्ये तर नायट्रोजन 66 टक्क्यांच्या वर. पिसांची पूड आणि चामड्याचा भुगा याच वाटेने पोत्यात शिरतात. कागदावर प्रोटीन भरपूर, पण पक्ष्याला पचत नाही.

युरियाची शंका गोदामातच तपासता येते. दोन बरण्या घ्या. दोन्हींत चमचाभर फिशमील आणि कोमट पाणी घाला, पण कच्च्या सोयाबीनचं पीठ एकीतच टाका. झाकणाखाली ओला लाल लिटमस कागद अडकवून थोडा वेळ थांबा. सोयाबीनमधलं एन्झाइम युरिया फोडतं, अमोनिया सुटतो आणि कागद निळा होतो. दुसरी बरणी कशाला? शिळ्या फिशमीलमधूनही थोडा अमोनिया निघतो, फरक कळायला तुलना लागतेच. आणि सोयापेंड वापरू नका, भाजणीत ते एन्झाइम मेलेलं असतं.

हा झाला घरगुती अंदाज. लॅबकडून पेप्सिन डायजेस्टिबिलिटी (प्रोटीन किती पचतं ते), मायक्रोस्कोपी (सूक्ष्मदर्शकाखाली भेसळीची तपासणी) आणि लायसिन-मेथिओनिन या अमिनो आम्लांचे आकडे मागवाच. चांगल्या फिशमीलमध्ये लायसिन प्रोटीनच्या साधारण 7 टक्के असतं, पिसांच्या पुडीत त्याच्या निम्मंही नसतं. ॲश, म्हणजे जाळल्यावर उरणारी राख, 20 टक्क्यांच्या वर असेल तर तुम्ही डोकी आणि काटे विकत घेताय. मीठही बघा. खारवून सुकवलेली मासळी दळून फिशमील म्हणून येते आणि मग शेडमध्ये कोंबड्यांखालचा भुसा (लिटर) का ओला होतोय ते कुणाला कळत नाही.

करारात 'ड्राय बेसिस' (ओलावा वगळून) लिहिलंय की 'ॲज इज' (ओलाव्यासकट, आहे तसं), हे न बघता सही करणारे कमी नाहीत. ड्राय बेसिसवर 62 टक्के आणि ओलावा 10 टक्के, म्हणजे तुमच्या पोत्यात प्रत्यक्षात 55.8.

पुढची चूक ताजेपणाची. पेरू देशातला अँचोव्ही या छोट्या मासळीचा माल सुपर प्राइम, प्राइम अशा ग्रेडमध्ये विकला जातो, आणि तिथे प्रोटीनइतकंच वजन टीव्हीएन (मासळी सडताना तयार होणारी नायट्रोजनयुक्त द्रव्यं) आणि हिस्टामिनला असतं. सुपर प्राइमला टीव्हीएन दर 100 ग्रॅमला 100 मिलिग्रॅमच्या आत आणि हिस्टामिन 500 पीपीएमच्या आत लागतं. मासळी कारखान्यात पोचेपर्यंत सडू लागली की हिस्टामिन वाढतं, आणि नंतर कितीही शिजवलं तरी ते जात नाही. उलट जास्त तापवलं तर त्यापासून गिझेरोसिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, त्याने पिल्लांच्या गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या जठरात) जखमा होतात. फार्मवर मरतूक झाल्यावर औषधं बदलत बसण्यापेक्षा खाद्याचा रिपोर्ट आधी काढा.

कागदपत्रांत सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे माल आधी लोड करायचा आणि सॅनिटरी इम्पोर्ट परमिटसाठी (प्राणिजन्य माल आणायच्या सरकारी परवान्यासाठी) नंतर धावायचं. परमिट हातात आल्याशिवाय लोडिंगला होकार देऊ नका. परमिटमधल्या अटी निर्यातदाराला पाठवा आणि त्याच्या देशाच्या पशुवैद्यकीय प्रमाणपत्राचा मसुदा शिक्का बसण्याआधी मागवून शब्दन् शब्द जुळवा. एक वाक्य राहिलं तर क्वारंटाइनमध्ये माल अडकतो आणि न्हावाशेवा बंदरावर डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याच्या दंडाचं, मीटर फिरत राहतं. ड्युटीचंही तसंच. 2023-24 च्या अर्थसंकल्पात 15 वरून 5 टक्क्यांवर आणली ती जलचर खाद्य बनवण्यासाठीच्या फिशमीलची मूळ कस्टम ड्युटी. कोंबडीखाद्याचं कॉस्टिंग तिच्यावर मांडू नका, आणि चालू नोटिफिकेशन कस्टम एजंटकडून बघून घ्या.

पेरूवरच सगळी भिस्त ठेवणंही धोक्याचं. एल निनोमुळे 2023 मध्ये तिथल्या उत्तर-मध्य पट्ट्यातला अँचोव्ही मासेमारीचा पहिला हंगाम रद्द झाला. ज्यांच्या फॉर्म्युल्यात दुसरा पर्याय बसवलेला नव्हता, त्यांना मिळेल त्या भावाने माल उचलावा लागला.

आता पोतं गरम लागलं तर काय करायचं? फिशमीलमधलं तेल हवेशी संयोग पावून आपोआप तापतं, पेटही घेतं. म्हणूनच अँटिऑक्सिडंट (हवेशी होणारा हा संयोग रोखणारं द्रव्य) घातलेलं फिशमीलसुद्धा जहाजावर यूएन 2216 या क्रमांकाखाली, धोकादायक मालातच मोजतात. बुकिंगच्या वेळीच इथॉक्सिक्विन, बीएचटी किंवा टोकोफेरॉल यांपैकी कोणतं अँटिऑक्सिडंट घातलंय आणि लोडिंगच्या दिवशी किती शिल्लक आहे, याचा दाखला मागा. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर बुरशी धरते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण अति कोरडा मालही जास्त तापतो हे फारसं कुणी सांगत नाही.

कंटेनर उघडल्यावर मधल्या थप्पीतल्या पोत्यात थर्मामीटर खुपसून बघा. तापमान चढत असेल तर थप्पी मोडा, पोती सुटी करून पसरा, आणि सर्वेअरला बोलावून त्याच्यासमोर नमुने सील करा. एक नमुना लॅबला, एक पुरवठादाराला, एक तुमच्याकडे. त्याआधी माल मिक्सरमध्ये गेला तर क्लेमला काही अर्थ उरत नाही.