जुने रेडिओ ठेवायला जागा नाही? मग निदान या चुका टाळा

मे संपत आला की मला एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. "काका, रेडिओ फार झाले, पावसाच्या आधी कुठे ठेवू?" विचारणारा बहुधा अलीकडेच या नादाला लागलेला असतो. सुरुवात आजोबांच्या मर्फीपासून, मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादा बुश, मग कुणा तारवट्याच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्याच्या, घरातून ग्रुंडिग, आणि बघता बघता सोपा, माडी, जिन्याखालचा कोपरा सगळं भरतं. घरच्यांनी बोलणं सोडून दिलेलं असतं. मोबाइलवर जागा वाचवायच्या युक्त्या त्याने भरपूर पाहिलेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा राजस्थानात उत्तम चालतील.

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत सकाळी हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते, आणि ७० च्या वर गेली की बुरशीला आवतण द्यावं लागत नाही. जागा वाचवायची जवळजवळ प्रत्येक युक्ती रेडिओभोवतीची हवा कमी करते. इथे नेमकं तेच महागात पडतं.

प्लास्टिकात गुंडाळून ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. दर वर्षी सांगतो, दर वर्षी कुणीतरी करतोच.

फोंड्याजवळ एक ओळखीचा मुलगा आहे. हौशी, हात चांगला, पण सगळं आजच्या आज व्हायला हवं. त्याच्याकडे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, सुरेख सेट होते. त्यातला एक पोर्तुगीज काळात बाहेरून आलेला टेलिफुंकन, डायलवर लिस्बन आणि हिल्व्हर्सम छापलेलं, कॅबिनेटला आरशासारखं पॉलिश. मेच्या शेवटी त्याने विमानतळावर बॅगा गुंडाळतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म आणली आणि सगळे सेट तीन-तीन पदरात बांधून मागच्या खोलीत एकावर एक रचले. भिंत होईपर्यंत रचले. खोली अर्धी मोकळी झाली म्हणून मला फोटोही पाठवला. मी लगेच फोन करून सोडायला सांगितलं. "काका, आत हवाच जात नाही तर दमट कसं होणार?"

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी ती खोली पाहुण्यांसाठी रिकामी करायची वेळ आली तेव्हा त्याने मला बोलावलं. टेलिफुंकनची फिल्म आतून धुकटली होती. कात्री लावली तसा जुन्या पोथ्यांच्या पेटीला येतो तसला वास आला. पॉलिशवर पांढरी-हिरवी बुरशी, वरच्या फळीचं विनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, फुगून मधोमध उठलेलं. बोटाने दाबलं की खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. स्पीकरचं कापड ओलसर, त्यामागचा कागदी कोन भिजल्या पापडासारखा मऊ. मीटर लावला तर स्पीकरला जोडलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे पहिलं वेटोळं, तुटलेली. ती तार केसाएवढी बारीक असते, ओल लागली की हिरवी पडते आणि आतल्या आत खाऊन जाते. ट्रान्सफॉर्मरची तार नव्याने गुंडाळून घेता आली. विनिअर मात्र आजही फुगलेलंच आहे.

झालं काय? लाकूड, पुठ्ठा, कापड, कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) हे सगळे हवेतली ओल धरून बसतात. मेच्या शेवटी कोकणातल्या कुठल्याही घरात ती ओल आधीच पुष्कळ असते. फिल्म लावली म्हणजे ती आत कोंडली. दुपारी खोली तापली की लाकूड ती सोडतं, रात्री गार पडलं की तीच आत दवासारखी धरते. चार महिने हाच खेळ. त्यातून जुन्या कॅबिनेटचं विनिअर बहुतेक सरसाने चिकटवलेलं असतं, आणि सरस ओल लागली की सुटतोच.

माझी सवय सांगतो. जुनी सुती साडी किंवा धुतलेलं धोतर सेटवर सैल टाकायचं, मागची बाजू उघडी सोडायची. धूळ बसते, बसू दे. धूळ ब्रशने जाते. वर्तमानपत्रातही गुंडाळू नका. कागद ओल धरतो, डायलच्या काचेला चिकटतो, आणि वाळवीला त्याच्याहून प्रिय काही नाही.

सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की काम झालं असं समजणारे वेगळेच. उघड्या खोलीत त्या दोन-चार दिवसांत भरतात. निळी पुडी गुलाबी झाली की तिचा उपयोग संपला. ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी केली नाही तर ती नुसती शोभेची. पैसे घालायचेच असतील तर एक खोली नीट बंद होईल अशी करा आणि तिथे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, लावा. महाग आहे, वीज खातो, आणि रोज त्याची बादली ओतावी लागते. ज्यांना रोज बादली ओतायचा कंटाळा आहे त्यांनी रेडिओ कमी ठेवावेत.

कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत चांगलीच आहे, फक्त बल्ब तारेचा हवा. एलईडीचा लावून "काका, फरक पडत नाही" म्हणणारे भेटले आहेत. गरम होत नाही तो बल्ब ओल काय घालवणार! आणि तारेच्या बल्बाजवळ कापड, पुठ्ठा येऊ देऊ नका.

जागेसाठी सुटे करणं

ही दुसरी. मडगावकडचे एक सद्गृहस्थ, वयाने माझ्याहून मोठे, म्हणून त्यांच्यासमोर काही बोलता आलं नाही. रेडिओतली निम्मी जागा पोकळ असते असा त्यांना शोध लागला. खोटं नाही. मग त्यांनी सगळ्या चॅसिस, म्हणजे आतले भाग बसवलेले पत्र्याचे सांगाडे, बाहेर काढल्या, मोठ्या कॅबिनेटच्या पोटात छोटी कॅबिनेटं घातली, चॅसिस पुस्तकांसारख्या उभ्या ओळीने लावल्या, आणि सगळे नॉब, स्क्रू, वॉशर एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. फळीवर जागाच जागा झाली.

पुढच्या वर्षी त्यांना एक मर्फी नातीच्या लग्नात दिवाणखान्यात मांडायचा होता. तेव्हा मी गेलो. उभ्या ठेवलेल्या चॅसिसच्या ओळीत शेजारच्याचा ट्रान्सफॉर्मर याच्या गँगवर रेललेला. गँग म्हणजे स्टेशन लावताना एकमेकांत फिरणाऱ्या त्या पातळ पत्र्या; दोन-तीन वाकल्या की त्या एकमेकींना टेकतात आणि अर्ध्या डायलवर नुसती शांतता. डायलच्या दोऱ्या पुल्यांवरून उतरलेल्या. दोरी कशी फिरते ते सेट चालू असतानाच कागदावर काढून ठेवायला हवं. नंतर ते कोडं सोडवत दुपार जाते.

डब्यातले नॉब तर सगळ्यावर कडी. आपल्याकडच्या पुष्कळ सेटचा दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. युरोपातल्या बऱ्याच सेटचा ६ मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळत नाही, नॉबच्या बॅकेलाइटला, त्या जुन्या ठिसूळ प्लास्टिकला, कळतो. त्यांनी ग्रुंडिगचा नॉब मर्फीच्या दांड्यावर बसवायला घेतला, घट्ट वाटला म्हणून तळहाताने दाबला, आणि कट् आवाज येऊन तो मधोमध चिरला. तसा नॉब आता कुठून आणणार? लग्नात मर्फी तीन नॉबांवर मांडला, चौथ्या जागी झेंडूचं फूल लावलं. पाहुण्यांना वाटलं सजावट आहे.

सेट सुटा करायचाच असेल तर एका वेळी एकच करा. त्याचे नॉब आणि स्क्रू छोट्या पिशवीत घालून पिशवी त्याच सेटच्या आत बांधा, डब्यात नाही. मागचं पुठ्ठ्याचं झाकण सेटपासून वेगळं होऊ देऊ नका. हरवलेल्या झाकणांनी माझ्या ओळखीच्या प्रत्येक संग्राहकाला रडवलं आहे. चॅसिस बाहेर ठेवावीच लागली तर कॅबिनेटमध्ये असते तशीच आडवी ठेवा, तिच्यावर काहीही ठेवू नका. मग किती जागा वाचली ते मोजा. फारशी नाही वाचत.

कौलांखालचा माळा

जागा मोकळी दिसते म्हणून सगळ्यांची नजर तिथे जाते. एप्रिलमध्ये कौलांखाली इतकं तापतं की जुन्या कंडेन्सरमधलं मेण मऊ होऊन ओघळतं. जूनमध्ये माकडांनी सरकवलेलं एक कौल पुरतं. आणि वर्षभर उंदीर: डायलच्या दोऱ्या, रबरी वायरी, कोन, काही सोडत नाहीत, आणि त्यांच्या मुतामुळे चॅसिसला जो गंज धरतो तो कशानेच जात नाही. चॅसिसवर पांढरी भुकटी दिसली तर कोरडी घासत बसू नका. जुन्या चॅसिसवर कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा असू शकतो, त्याची पूड नाकात जाणं वाईट. माळ्यावर रिकामे खोके ठेवा.

रॅक

स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोकांच्या पट्ट्यांचा, लोखंडी रॅक घ्या, फळी दीड फूट खोल. बारा इंची फळीवर व्हॉल्व्हचा टेबल सेट बसतो खरा, पण नॉब बाहेर येतात आणि येता-जाता कुणाचा तरी कोपर लागतो. चिऱ्याची भिंत जमिनीतून ओल ओढते, म्हणून रॅक भिंतीपासून वीतभर पुढे. बाहेरच्या भिंतीला तर लावूच नका. जड सेट खाली. मोठा व्हॉल्व्ह सेट दहा किलोच्या आसपास भरतो, वीस सेट म्हणजे दोन क्विंटल. लाकडी माडीवर ते वासे बघूनच ठेवा. सेटवर सेट ठेवायचा नाही. वाळवीसाठी रॅकचे पाय फरशीच्या तुकड्यांवर, आणि आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली बघा.

नवा आलेला सेट थेट रॅकवर ठेवणं

माझ्याकडे नवा पाहुणा महिनाभर बाल्कांवातच, म्हणजे पुढच्या ओसरीवरच, बसतो. खाली काळा कागद अंथरायचा. पिवळसर भुकटी पडली की आत भुंगा आहे. त्याला बाकीच्यांजवळ न्यायचं नाही. मागचं झाकण उघडून आत बघायचं. कुंभारीण माशीची मातीची घरं, पालीची अंडी, एकदा तर १९६० च्या दशकातलं रेडिओ लायसनचं पुस्तक, पोस्टाच्या शिक्क्यांसकट.

ट्रान्झिस्टरमध्ये सेल ठेवणं. काढा. आत्ता काढा.

डांबरगोळ्या. नकोत. काही जुन्या प्लास्टिकची कॅबिनेटं त्यांनी मऊ पडतात.

डायलची काच ओल्या फडक्याने पुसणं. अक्षरं आतल्या बाजूने रंगवलेली असतात, पुसली की स्टेशनं फडक्यावर येतात.

पावसाळा संपला म्हणून थेट प्लग लावणं

दसऱ्याला सगळ्यांना एकदम रेडिओ ऐकायचा असतो. महिनोन् महिने बंद पडलेल्या सेटमधले मोठे कंडेन्सर आतून सैल पडलेले असतात. २३० व्होल्ट एकदम दिलेत तर कंडेन्सर फुटू शकतो, त्याच्यासोबत ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. व्हेरिअॅक, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र, असेल तर सावकाश चढवा. नसेल तर ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बातून जाऊनच सेटला मिळेल असा, लावा (इथेही एलईडी नको). बल्ब पेटून मंद झाला तर पुढे जा. झगझगीत पेटूनच राहिला तर प्लग काढा आणि जाणत्याकडे न्या. ज्या सेटमध्ये यूएल ८४, यूवाय ८५ असे यू-चे व्हॉल्व्ह आहेत त्यांच्या बहुतेकांची चॅसिस थेट मेन्सला जोडलेली असते. नॉब काढून उघड्या दांड्याला हात लावलात तर जबर झटका बसू शकतो.

आणि एवढं करूनही जागा पुरत नसेल तर सुट्या भागांसाठी म्हणून ठेवलेल्या मोडक्या सेटकडे बघा. त्यातले व्हॉल्व्ह, नॉब, ट्रान्सफॉर्मर, डायलची काच काढून घ्या, नावं लिहून डब्यात भरा, आणि कुजलेलं कॅबिनेट चवथीच्या आधी घराबाहेर काढा, कारण माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधायला आलेली माणसं ते बाहेर काढतीलच, आणि शेजारचा चांगला सेटही सोबत नेतील. रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं भलंमोठं कपाट, कुणी फुकट देतो म्हणाला तर हो म्हणण्याआधी जिन्याचं वळण मोजून या.