कॉर्डलेस माईक घेताय? आधी फ्रिक्वेन्सी बघा, किंमत नंतर

नाटक असो, कीर्तन असो, ऑर्केस्ट्रा असो, कॉर्डलेसचा सेट घ्यायचा म्हटलं की मंडळात पहिला प्रश्न "कितीला बसेल?" आणि दुसरा "त्यात माईक किती येतात?". हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते विचारा, कारण ऐन रंगात आवाज तुटला की प्रेक्षकाला वाटतं कलाकारच चुकला, आणि ते फार वाईट वाटतं बघायला.

बाजारात मुख्य दोन प्रकार, २.४ गिगाहर्ट्झ आणि यूएचएफ, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झवर चालणारे. २.४ वाले स्वस्त, लावायला सोपे, घरी टेस्ट केले की झकास चालतात. पण वायफाय आणि ब्लूटूथ पण तिथेच असतात ना, त्यामुळे गणपतीच्या मंडपात पाचशे लोक खिशात फोन घेऊन बसले की खरी परीक्षा. शिवाय ह्या लहरी माणसाच्या अंगात बऱ्यापैकी अडतात, म्हणजे कलाकार रिसीव्हरकडे (माईकचा सिग्नल पकडणारा डबा) पाठ करून उभा राहिला तरी फरक पडू शकतो. शाळेचा हॉल, छोटं भाषण, शूटिंग यासाठी ठीक आहेत, पण तिकीट लावून शो करणार असाल तर यूएचएफच घ्या.

यूएचएफ लिहिलंय म्हणून सगळं आलबेल असं पण नाही. ७०० मेगाहर्ट्झचा बँड २०२२ च्या लिलावात जिओने घेतला, ८५० आणि ९०० वर तर मोबाईल आधीपासूनच आहे. त्यामुळे कोणी जुना ७००-८०० वाला सेट स्वस्तात देतोय म्हणून उचलू नका प्लीज. ५०० ते ६५० च्या आसपासचा बघा, आणि फ्रिक्वेन्सी बदलता येणारा, कारण पुण्यात मोकळा मिळालेला चॅनल नागपुरात मोकळा असेलच असं नाही. दौरे करणाऱ्यांनी फिक्स फ्रिक्वेन्सीचा सेट घेऊच नये.

माईक वाढले की अजून एक भानगड. ५५० आणि ५५१ वर दोन माईक चालू केले की त्यांच्या मिसळण्यातून ५४९ आणि ५५२ वर पण सिग्नल तयार होतात, आणि तिसरा माईक तुम्ही नेमका ५५२ वर लावलात तर तो कुरकुरणारच. म्हणून सारखं अंतर ठेवून चॅनल लावायचे नाहीत. बऱ्याच सेटमध्ये कंपनीने गणित करून एकमेकांना त्रास न देणाऱ्या चॅनलचे ग्रुप दिलेले असतात, सगळे माईक एकाच ग्रुपचे वेगवेगळे चॅनल घेऊन लावा. माझं स्पष्ट मत, चार स्वस्त माईकपेक्षा दोन चांगले घ्या, बाकीच्यांना वायरचे द्या.

रिसीव्हर ट्रू डायव्हर्सिटीवाला हवा, म्हणजे आत दोन स्वतंत्र सर्किट असतात आणि ज्या अँटेनाचा सिग्नल चांगला तोच आवाज पुढे जातो. अँटेना काढता येत असतील तर उत्तम, पुढे वाढवता येतात. आणि तो रिसीव्हर मिक्सरशेजारी मागे ठेवू नका, विंगेत ठेवा, कलाकार दिसेल असा, तिथून वायर टाका.

आता माईक कुठला. गायकाला हातातला. नाटकाला आणि लावणीला हेडसेट, कॅप्सूल (आवाज पकडणारं माईकचं टोक) तोंडासमोर नको, ओठाच्या कोपऱ्यापाशी गालाला धरून, नाहीतर "प" आणि "भ" फटाफट फुटतात. कीर्तनकारांना बरेच जण कॉलर माईक लावतात, पण उपरणं घासलं की खरखर येते, आणि माईक तोंडापासून लांब असल्यामुळे साऊंडवाला गेन (मिक्सरवरची माईकची पातळी) वाढवतो आणि मग शिट्टी. तिथे पण हेडसेटच बरा. घामाने कॅप्सूल बंद पडतात, म्हणून एक जादा हेडसेट सोबत असू द्या, घेताना कनेक्टर जुळतो का बघा, शुअर कंपनीच्या बॉडीपॅकला (कमरेला लावायचा ट्रान्समीटर) साधारण चार पिनांचा लागतो आणि सेनहायझरच्या ईडब्ल्यू सिरीजला स्क्रूचा ३.५ एमएम, एकमेकांना बसत नाहीत.

सेल प्रत्येक शोला नवीन, किंवा चांगले रिचार्जेबल फुल चार्ज करून.

पैसे देण्याआधी डीलरकडून डेमो सेट मागा आणि तुमच्याच हॉलमध्ये लावा. एक जण माईक घेऊन बोलत बोलत स्टेजच्या पार मागच्या कोपऱ्यात जाऊ दे, रिसीव्हरकडे पाठ करू दे, बाकीचे सगळे फोन चालू ठेवून समोर बसू देत. एलईडी वॉल वापरणार असाल तर ती पण चालू करूनच बघा, तिचा त्रास ती बंद असताना कळत नाही.