एका हाताने उचलायची सोलर पेटी

दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी आमच्या वस्तीतल्या बाया दरवर्षी पाण्याचा आणि मोबाइल चार्जिंगचा टेबल लावतात. चार्जिंगचं काम माझ्याकडे. मी आयटीआयमधून वायरमन ट्रेड केला, मानेवाड्याला माझं कूलरच्या मोटारी आणि पंप वाइंडिंगचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे माणसं रात्र-रात्र प्रवास करून येतात. सकाळी पोचतात तोवर फोन मेलेला असतो आणि सोबतची माणसं गर्दीत पांगलेली असतात. एका वर्षी यवतमाळकडची एक आजी टेबलाशी आली. रुमालात गुंडाळलेला साधा फोन पुढे केला आणि म्हणाली, "पोरी, माह्या लेकाचा नंबर याच्यातच हाय. कितीक वेळ लागन?" मी म्हटलं, "बसा आजी, वीस मिनिटांत बोलता येईल." हे वीस मिनिटांचं वचन पाळता यावं म्हणून मी ही सोलरवर भरणारी बॅटरीची पेटी बांधली.

पहिल्या वर्षी दुकानातली १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी, घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती, हातगाडीवर नेली होती. साठ किलोच्या आसपास वजन. त्या दिवशी रस्ते बंद, शेवटचा पल्ला चौघांनी उचलून न्यावा लागला. वाटेत बॅटरी कलली, ॲसिड सांडलं आणि भाच्याच्या पँटला भोकं पडली. त्वचेवर आलं नाही हे नशीब. तेव्हाच ठरवलं की पेटी एका माणसाने एका हाताने उचलता आली पाहिजे. जास्त वीज हवी असेल तर पेटी मोठी करायची नाही, शेजारी दुसरी ठेवायची. प्रत्येक पेटी आपल्या जागी पूर्ण: तिचा बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) तिच्यात, तिचा फ्यूज तिच्यात. एक बिघडली तरी टेबल चालू राहतो.

एका पेटीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० एएचचे चार सेल लागतात. एक सेल ३.२ व्होल्टचा, चार सिरीजमध्ये (एकाचं धन टोक पुढच्याच्या ऋणाला) जोडले की १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८० वॉट-तास. सेल साधारण दोन किलोचा, म्हणून चारांचे आठ. १२ एमएमच्या प्लायची पेटी, सोलरचा कंट्रोलर आणि तारा धरून माझी पेटी १४ किलोच्या आत बसते. लोखंडी ट्रंक वापरू नका. सेलचं अंग ॲल्युमिनियमचं असतं आणि वर नुसतं पातळ निळं प्लास्टिक. ते घासून फाटलं आणि पत्र्याला लागलं की संपलं. दोन सेलच्या मधेही फायबरची पातळ शीट घाला आणि चौघांना पट्ट्याने आवळून बांधा.

कामाला हात लावण्याआधी बांगड्या, अंगठी, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. हे दुकानात शिकायला येणाऱ्या पोरींना मी दर वेळी सांगते. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून माणूस बिनधास्त होतो. पण सेलच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होईपर्यंत करंट थांबत नाही. पान्याला टोक सोडून पूर्ण टेप गुंडाळा.

आता बीएमएस, म्हणजे बॅटरीचा राखणदार. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर किंवा २.५ च्या खाली जायला लागला की तो विजेची वाट तोडतो. त्याची जाड निळी तार चार सेलच्या माळेच्या ऋण टोकाला जाते आणि जाड काळी बाहेर येते. आणखी पाच बारीक तारा एका प्लगात असतात आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. प्लग आधी बीएमएसमध्ये खुपसायचा नाही. बारीक काळी तार माळेच्या त्याच ऋण टोकाला लावा, मग पहिल्या सेलच्या धन टोकाला पुढची, मग दुसऱ्याच्या, अशा क्रमाने चढत जा. सगळ्या लागल्या की मल्टिमीटरची काळी पिन प्लगमधल्या काळ्या तारेवर धरा आणि लाल पिन एकेका खाचेत टेकवा. ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे आकडे चढत गेले पाहिजेत. एखादा आकडा पुन्हा आला किंवा मधेच उडी मारली तर तार चुकली आहे. आकडे बरोबर आले की मगच प्लग लावा. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. ती न केल्यामुळे जळालेला एक बीएमएस आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

नवे सेल सारखे भरलेले नसतात, म्हणून त्यांना एकदा एका पातळीवर आणावं लागतं. आधी चारही सिरीजमध्ये ठेवून बीएमएस वाट तोडेपर्यंत चार्ज करा. मग बीएमएसचा प्लग काढा, सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या सोडवा आणि तासभर थांबा. त्यानंतर चारही सेल समांतर जोडा, म्हणजे धनाला धन आणि ऋणाला ऋण. पॉवर सप्लाय ३.६५ व्होल्टवर बांधून घ्या. हा आकडा सप्लायच्या पडद्यावर पाहून भागत नाही, तार लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा. करंट उतरत उतरत शून्याजवळ आला की सेल भरले. सरळ समांतर लावून सुरुवात केली तरी चालतं, पण १० अँपिअरच्या सप्लायला दिवस जातो. या वेळात घराबाहेर जाऊ नका.

फ्यूज धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच हवा. मी ४० अँपिअरचा, बोल्टने आवळायचा डीसी फ्यूज वापरते. काचेचा बारीक फ्यूज इथे कामाचा नाही, लिथियमच्या शॉर्टला तो तोडू शकत नाही. एसीची एमसीबीही नको. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. तारांना थिंबल (टोकाला बसवायची धातूची कडी) लावताना हातोड्याने ठोकू नका, ती दाबून बसवणारं क्रिंपिंग टूल आणा. लोहा ओळीत हार्डवेअर घ्यायला गेलात की तेही पाहून घ्या. सैल थिंबल तापते आणि प्लाय काळं करते.

इन्व्हर्टरबद्दल माझं मत पक्कं आहे: चार्जिंगच्या टेबलाला तो नकोच. फोनला शेवटी ५ व्होल्ट डीसीच लागतात. बॅटरीच्या डीसीचं २३० एसी करायचं आणि चार्जरने पुन्हा डीसी करायचं, यात दोनदा वीज जाते. शिवाय इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तरी दहा वॉट खात बसतो, दिवसाला २४० वॉट-तास. गाडीत लावतात ते १२-२४ व्होल्टचे यूएसबी सॉकेट थेट पेटीवर लावा. माझ्याकडे वीस पोर्ट आहेत. सगळे चालले तर साधारण २०० वॉट, म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. त्याला ४ चौरस एमएमची तार आणि दर चार पोर्टला एक ब्लेड फ्यूज. ५००० एमएएचच्या फोनला नुकसान धरून २५ वॉट-तास पकडा. पेटी तळापर्यंत न उतरवता एका पेटीत चाळीस-बेचाळीस फोन पूर्ण भरतात. पण लोक पूर्ण भरेपर्यंत थांबत नाहीत, बोलण्यापुरता झाला की घेऊन जातात, त्यामुळे खरी संख्या दुप्पट.

पॅनेल मी १०० वॉटचे दोन घेतले आणि बिजागरीने पुस्तकासारखे जोडले, काचा आतल्या बाजूला. दोन्ही सिरीजमध्ये, उघडा व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेला) ४४ च्या आसपास. म्हणून एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा) निदान ७५ व्होल्ट सोसणारा हवा. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. सेटिंगमध्ये चार्जिंगला १४.४ व्होल्टची मर्यादा घाला. इक्वलायझिंग आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणं दोन्ही बंद करा, ते लेड-ॲसिडसाठी असतं.

छापील २०० वॉट नागपुरात मिळतील अशी आशा ठेवू नका. तो आकडा पॅनेल २५ अंशांवर असतानाचा आहे. ऑक्टोबरच्या उन्हात पॅनेल हाताला चटका देतं. मला भर दुपारी १५० मिळतात आणि दिवसाला ७०० वॉट-तासांच्या आसपास. तोंड दक्षिणेकडे, उतार तीसेक अंश. जमिनीवर ठेवलं तर माणसांच्या सावल्या पडतात, म्हणून आम्ही मांडवाच्या बांबूंवर बांधतो. एकदा मीटरवर १४८ वरून एकदम ८० आले. मी तारा तपासल्या, कनेक्टर दाबून पाहिले. मग वर पाहिलं, तर आमच्याच पंचशील ध्वजाची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर हलत होती. ध्वज जागीच राहू दिला, पॅनेल दोन हात सरकवलं. तळहाताएवढी सावलीही सिरीजमधल्या पॅनेलला खाली आणते.

दुसरी पेटी जोडण्यासाठी प्रत्येक पेटीला ५० अँपिअरचा राखाडी अँडरसन कनेक्टर (जाड तारा जोडायचा प्लग) दिला आहे. दोन्ही पेट्यांचे धन एका तांब्याच्या पट्टीवर आणि ऋण दुसऱ्या पट्टीवर येतात आणि यूएसबी तिथून निघतात. नियम एकच: जोडण्याआधी दोन्ही पेट्यांचा व्होल्टेज मोजा. फरक ०.१ च्या आत हवा. मी दोन्ही आदल्या रात्री पूर्ण भरते आणि घरीच जोडून पाहते. एका सकाळी एक पेटी चार्जिंगवर १४.४ ला होती आणि दुसरी वापरून १३ ला आलेली. भाच्याने मदत म्हणून खटकन जोडली. भरलेली पेटी रिकामीत ओतली गेली, फ्यूज उडाला, कनेक्टरचं टोक काळं पडलं. फ्यूज नसता तर तार जळाली असती. आता पट्ट्यांच्या झाकणावर मार्करने लिहिलं आहे: "आधी मोज." दोन पेट्यांचे एएच वेगळे असले तरी चालतात, पण लिथियमसोबत लेड-ॲसिड कधीही जोडू नका.

उन्हाळ्यात पेटी पत्र्याखाली ठेवू नका. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, आमच्या दुकानाचा पत्रा दिवसभर भट्टी असतो. मार्चमध्येच दोन्ही पेट्या निम्म्या उतरवून घरातल्या खालच्या खोलीत ठेवते, पॅनेल काढून, आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहते. पेटी अंगाला गरम लागत असेल तर चार्जिंगला लावायची नाही.

तिसऱ्या पेटीचे सेल परवा आले. मोजले: ३.३१, ३.३१, ३.३०, ३.३१. चारही जवळजवळ आहेत. प्लाय कापून झालं आहे, रविवारी भाचा येईल तेव्हा बीएमएसच्या बारीक तारा त्याच्याकडून लावून घेणार आहे, मल्टिमीटर त्याच्याच हातात देऊन.