जिब अर्धीच गुंडाळली जाते? माझा अनुभव

माझ्या वेफेअरर डिंगीवर (छोटी शिडाची होडी) फर्लिंगची, म्हणजे शीड गुंडाळायची दोरी ओढली की खालचा ड्रम (दोरीची फिरकी) फिरायचा, जिबचा (पुढच्या शिडाचा) तळ गुंडाळला जायचा, पण वरचा भाग तसाच फडफडत राहायचा. ड्रम धुतला, दोरी बदलली, शेवटी जोर लावून ओढलं. काही उपयोग नाही. दोन रविवार वाया.

दोष वर होता. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) सैल, त्यामुळे शिडाच्या पुढच्या कडेतली तार पिळली जायची आणि पीळ वरच्या स्विव्हलपर्यंत (शिडाच्या टोकाची फिरती कडी) पोचायचाच नाही.

नाक वाऱ्याकडे करून जिब पूर्ण उलगडली, खाली उतरवली. स्विव्हल गोड्या पाण्याने धुतला आणि ताण देऊन हाताने फिरवून पाहिला (ताणाशिवाय तो नेहमीच छान फिरतो, फसू नका). हॅलयार्डचा फोरस्टेभोवतीचा (डोलकाठीला पुढून धरणारी तार) वेढा काढला. जिब पुन्हा चढवून हॅलयार्ड इतकी ताणली, की फोरस्टे ढिला पडला. मग शीड उघडं असतानाच दोरी हाताने ड्रमवर गुंडाळून भरली, दोन-तीन वेढे जास्तच, म्हणजे शेवटी शीटही (शीड ओढून धरायची दोरी) शिडाभोवती गुंडाळली जाते.

आता एका ओढीत गुंडाळते. मात्र हे रीफिंग (जोराच्या वाऱ्यात शीड लहान करणं) नव्हे: अशी नुसत्या तारेवरची जिब अर्धी गुंडाळून चालवली, तर तिचा आकार बिघडतो.