गवतातला नाकतोडा नेमका कोणता? फोटोवरून ओळख अशी पटवा

पावसाळा सरता सरता भाताच्या बांधावर वाकून बघा. बोटाच्या पेराएवढा हिरवा नाकतोडा, मिशा मात्र अंगापेक्षा लांब. तुमची चाहूल लागताच तो काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. हा कोनोसेफॅलस, म्हणजे गवतात राहणारा कॅटिडिड (लांब मिशांच्या नाकतोड्यांचा गट). बहुतेक जण त्याचा वरून एकच फोटो काढतात. तो दिसतो छान, पण जात ओळखायला अपुरा पडतो. अगदी बाजूने एक, डोके-पाठ दिसेल असा वरून एक आणि शेपटाकडचा जवळून एक, असे तीन तरी हवेत.

पहिल्यांदा मिशा बघा. आखूड, जाडसर असतील तर तो टोळाच्या कुळातला, इथेच थांबा. दोऱ्यासारख्या लांब असतील तर कॅटिडिड किंवा रातकिडा. फोटो मोठा करून तळपायाचे सांधे मोजा: कॅटिडिडचे चार, रातकिड्याचे तीन.

मग डोके. कोनोसेफॅलस या नावाचा अर्थच शंकूसारखे डोके, पण खरी लांब टोपी असते ती युकोनोसेफॅलस या त्याच्या भाऊबंदाची. आपल्या पाहुण्याचा कपाळाचा उंचवटा छोटासाच असतो.

पंख आखूड दिसले म्हणून लगेच पिल्लू समजू नका. काही जातींत मोठ्यांचेही पंख आखूडच राहतात. वाढत्या पिल्लाचे मागचे पंख-कोंब पुढच्यांवर चढलेले असतात, मोठ्यात पुढचे पंख वर येतात. पिल्लावरून जात ठरवायच्या भानगडीत शक्यतो पडू नये.

आता शेपूट, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. मादीला अंडी घालायची तलवारीसारखी नळी असते. ती आखूड आणि कोयत्यासारखी वर वळलेली असेल, तर तुम्ही बहुधा झुडपांवरच्या दुसऱ्याच गटातला कॅटिडिड टिपलाय. नराच्या पोटाच्या टोकाला दोन चिमट्यांसारखे अवयव असतात आणि त्यांना आतल्या बाजूने दात असतो. चिमट्याचा आकार आणि दाताची जागा जातीगणिक बदलते, म्हणून अभ्यासक आधी तेच मागतात. पंखांखाली ते झाकले जातात. नर पारदर्शक डबीत अलगद घ्या, बाजूने आणि खालून टिपा आणि त्याच गवतात सोडा.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नका, एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही सापडतात. खुणा त्यापेक्षा भरवशाच्या. डोक्यापासून पाठीवर उतरणारा तपकिरी पट्टा आणि पंखांवर काळपट ठिपक्यांची रांग दिसली, तर कोनोसेफॅलस मॅक्युलॅटसचा संशय घ्या. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या जातीचे नाव 1841 सालचे, अर्थ ‘ठिपकेवाला’. मागचे गुडघे काळे असतील तर कोनोसेफॅलस मेलेनस ही दुसरी जात आठवा.

चिमटे दिसतच नसतील तर नोंदीत नुसते ‘कोनोसेफॅलस’ लिहा, ॲपने पूर्ण नाव सुचवले तरीही. सोबत तारीख, गाव आणि तो बसला होता ते गवत.