हिवाळ्यात मसाई पठारावर निघालाय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

‘मिसळ खाऊन निघू’ असं कोल्हापुरात कुणी म्हटलं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजावं. आमचंही तेच झालं. कटाचा दुसरा वाटा, मग चहा, मग पेट्रोल. राजदिंडी या गडाच्या वाटेनं पन्हाळा उतरून मसाई पठारावर पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. डिसेंबरचं कोवळं ऊन आणि अंगावर गार वारा, त्यामुळं दमल्यासारखं वाटतच नव्हतं. उन्हाळ्यात ऊनच माणसाला वेळेत माघारी हाकलतं. हिवाळ्यात तसं कुणी हाकलत नाही.

‘वाट माहितीय की!’

आम्ही दोघांनीही पन्हाळा-पावनखिंड मोहीम केलेली होती. १६६० च्या १२-१३ जुलैला शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, त्या आठवणीसाठी दर पावसाळ्यात या वाटेवर माणसांची रांग लागते. तेव्हा वाट शोधावी लागतच नाही, पुढच्याच्या पाठीवरच्या सॅककडं बघत चालायचं. डिसेंबरात तिथं चिटपाखरू नसतं. चिखलातले ठसे मोडून गेलेले, गवत वाळून पिवळं पडलेलं आणि जागोजागी पायवाटेवर आडवं झालेलं. रांगेतून केलेली वाट आपल्याला माहीत आहे असं धरूच नका.

घड्याळ जुलैचं, सूर्य डिसेंबरचा

आमची खरी चूक ही. जुलैत सात वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपासच बुडतो. पुढं वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचा दगड दिसेनासा होतो. म्हणून माघारी फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवायची. मी आता साडेतीन धरतो. ठरवलेलं ठिकाण समोर दिसत असलं तरी साडेतीनला तोंड फिरवायचं. वर गेल्यावर ठरवू म्हटलं की सोबतचा एकजण हमखास म्हणतो, ‘काय हुतंय, अजून जरा!’ त्या दिवशी तो एकजण मीच होतो.

घाई झाली की माणूस मिळेल ती वाट धरतो. आम्ही धरलेली वाट चांगली मळलेली होती, पण दहा मिनिटांत चमत्कारिक झाली. गुडघ्यापर्यंत मोकळी आणि छातीच्या उंचीला काटेरी झुडपं. पायापुरती जागा आहे, पण माणसाला सरळ उभं राहता येत नाही. अशी वाट जनावरांची असते. ती फाटे फोडत जाते आणि चाऱ्याजवळ किंवा पाण्याजवळ संपते. खांद्याला फांद्या अडायला लागल्या की तिथंच थांबा आणि शेवटचा नक्की ओळखीचा टप्पा होता तिथवर आल्या पावली परत जा. पुढं जाऊन ‘वाट लागेल’ म्हणणाऱ्याची वाटच लागते.

आम्ही परत फिरलो नाही. खाली गावातले दिवे लागले होते, तिकडं सरळ उतरू असं ठरवलं. तेवढ्यात कुत्रं भुंकलं आणि मागून एका धनगर आजोबांची हाक आली, ‘‘पावणं, कुठं निघालासा हिकडं? ही म्हसरांची वाट हाय, फुडं कडा हाय!’’ मी टॉर्च मारला. चार पावलांवर गवत संपलं होतं आणि त्याच्या पलीकडं उजेड कशावरच पडत नव्हता. जांभ्याचं पठार असंच असतं, शेवटपर्यंत सपाट आणि मग एकदम काही नाही. अंधारात दिवे बघून उतरू नका. दिवा दिसतो, मधला कडा दिसत नाही.

बाकीचं थोडक्यात. घामानं भिजलेला सुती शर्ट घालून वाऱ्यात बसलं की आपल्या थंडीतही दातावर दात वाजतात. पिशवीत एक कोरडा शर्ट आणि कानटोपी असू द्या. शेकोटी मात्र नको. वाळल्या गवतात ठिणगी पडली की वणवा, आणि कड्याला आग्या मोहोळ असलं तर धुरानं तेही उठतं. तिन्हीसांजेला गवा चरायला बाहेर पडतो. दिसला तर ओरडू नका, फोटोसाठी पुढं जाऊ नका, लांबून वळसा घाला. पावसाळ्यातलं पाणी आता मिळेल या भरवशावर राहू नका.

फोनमध्ये नकाशा घरीच उतरवून ठेवा. रेंज शोधण्यात बॅटरी झपाट्यानं संपते, म्हणून वर गेल्यावर फोन विमान मोडवर टाका. खरंच अडकलात तर कड्यापासून लांब, वारा लागणार नाही अशा जागी बसा आणि ११२ ला फोन लावा. कुठून चढलात आणि शेवटचं काय ओलांडलंत हे आधी सांगा.

आणि वाट विचारायची पद्धत बदला. दुपारीच आम्ही एका बाईंना विचारलं होतं, ‘‘मावशी, हीच वाट ना?’’ त्या ‘‘व्हय की’’ म्हणाल्या. वाट होतीच ती, पण कुठली, हे आम्ही विचारलंच नव्हतं. गावाचं नाव घेऊन विचारा, ‘‘म्हाळुंग्याला कुठली वाट जाते?’’ मग समोरचा माणूस हात करून दाखवतो, आणि बऱ्याचदा चार पावलं सोबतही येतो.