हार्मोनियमवाल्यांनी मायनर स्केल कुठून धरावं?

नागपुरात कीबोर्डकडे वळणारी बरीच मुलं आधी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका-मध्यमा या संगीत परीक्षांना बसलेली असतात. मीही त्यातलाच. हार्मोनियमवर हात बसला, मग सीताबर्डीच्या बाजारातून कीबोर्ड आला, लग्नाच्या लॉनवर ऑर्केस्ट्रात वाजवू लागलो. पुढे पाश्चात्त्य ग्रेड परीक्षेची तयारी करताना हार्मोनिक मायनर, मेलोडिक मायनर आणि त्यांचे सात-सात मोड (तीच स्केल दरवेळी वेगळ्या सुराला सा मानून) समोर आले. लोक्रियन, फ्रिजियन डॉमिनंट अशी नावं ऐकूनच नवीन पोरं धास्तावतात. अरे बावा, नावं राहू दे, आधी सा धर.

पांढरी सहाला (कीबोर्डवरचा A) सा माना. नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की नॅचरल मायनर, म्हणजे आसावरी थाटाचे सूर. कोमल नीऐवजी काळी चारवरचा शुद्ध नी घेतला की हार्मोनिक मायनर, आपला कीरवाणी. युरोपात हा बदल कॉर्डसाठी, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांसाठी झाला. पंचमावरची कॉर्ड मेजर झाली की ती साकडे जोरात ओढते. पण त्यामुळे कोमल ध आणि शुद्ध नी यांच्यात तीन अर्धस्वरांचं अंतर पडतं. चढताना ते गळ्याला नीट जाईना, म्हणून धही शुद्ध केला. हे मेलोडिक मायनर. पाश्चात्त्य शास्त्रानुसार उतरताना ते पुन्हा नॅचरल होतं, जाझवाले मात्र दोन्हीकडे शुद्धच ठेवतात, आणि तेच पटदीपचे सूर. फक्त पटदीप आरोहात रे आणि ध वगळतो, हे लक्षात असू द्या.

खरी गडबड मोडला होते. ‘हार्मोनिक मायनर पाचव्या सुरापासून वाजव’ असं शिकवतात. बोटं पांढरी तीनवरून निघतात, पण कान पांढरी सहावरच बसलेला असतो. नवीन काही ऐकूच येत नाही. मोबाइलवरचा तानपुरा पांढरी तीनला लावा आणि तेच सूर पुन्हा वाजवा. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, कोमल नी: बसंत मुखारी उभा राहतो. हाच फ्रिजियन डॉमिनंट, स्पेनच्या फ्लामेंको गिटारवर सतत ऐकू येणारा. (मे महिन्यात हे हेडफोन लावून करा. कूलर स्वतःचाच सूर लावून बसलेला असतो आणि तो तानपुऱ्याशी जुळत नाही.)

सा हलवायचा हा खेळ आपल्याकडे मूर्च्छनेत आहे, कर्नाटक संगीतात त्याला ग्रहभेद म्हणतात. तिथल्या ७२ मेळांमुळे, म्हणजे आपल्या थाटांसारख्या सात सुरांच्या मूळ रचनांमुळे, पाठांतर वाचतं. हार्मोनिकचा चौथा मोड हेमवती, सहावा कोसलम्. मेलोडिकचा चौथा वाचस्पती, पाचवा चारुकेशी. मात्र मेळात पंचम लागतोच, त्यामुळे हार्मोनिकच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या मोडला तिथे जागा नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला तानपुरा सा-मध्यमात लावा. सातव्यात शुद्ध मध्यमही नाही, तिथे नुसता सा ठेवा.

माझा सगळ्यात आवडता रियाज भैरवचा. भैरव तर तुम्ही लहानपणीच घोटलेला असतो. तो वाजवता वाजवता तानपुरा मध्यमावर न्या. तोच मध्यम सा झाला की हंगेरियन मायनर मिळतं: कोमल ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध नी. कर्नाटकात हे सिंहेंद्रमध्यम. तीन अर्धस्वरांच्या दोन उड्या एकाच सप्तकात असल्यानं पुस्तकातून ते फार अवघड वाटतं. भैरवमार्गे गेलात तर बोटांना काहीच नवीन शिकावं लागत नाही, फक्त कानाला घर बदलावं लागतं. उलटंही करून पाहा. हंगेरियन मायनरच्या पंचमावर तानपुरा लावा, भैरव परत मिळेल.

ऑर्केस्ट्रात याचा उपयोग रोज होईल असं नाही. तिथे गायकाची पट्टी चटकन पकडणं जास्त महत्त्वाचं. शिकवण्या घ्यायच्या असतील तर मात्र दोन्ही भाषा येणारा मास्तर पालकांना हवाच असतो. परीक्षेत मेलोडिक मायनर उतरताना नॅचरलच वाजवा, तिथे पटदीप काढू नका. आणि गुरुजींसमोर ‘कीरवाणी म्हणजे हार्मोनिक मायनर’ एवढंच बोलून थांबू नका. रागाचं चलन (सुरांची चाल), न्यास (थांबायचे सूर), वर्ज्य सूर यांचं काय, हा प्रश्न लगेच येतो, आणि तो रास्तच असतो.